वजन बसलं, पण मनगट थरथरलं: लेथवर रोबो बसवण्याचं एक प्रकरण

पार्श्वभूमी

सुटे भाग बनवणाऱ्या एका कारखान्यातलं हे प्रकरण. कारखान्याचं, माणसांचं आणि यंत्रांच्या कंपन्यांचं नाव वगळलंय. वजनं, अंतरं आणि सेकंद मात्र ठेवलेत, कारण सगळी चूक त्या आकड्यांतच दडलेली होती. मी तेव्हा तिथे प्रॉडक्शन इंजिनिअर होतो. रोबोच्या निवडीच्या कागदावर तीन सह्या आहेत, त्यातली एक माझी.

जॉब, म्हणजे मशीनवर लावायचा भाग, साधा होता. बिडाचं फ्लँजसारखं, म्हणजे जाड चकतीसारखं, कास्टिंग (ओतीव भाग), बाहेरचा व्यास १४० मिमी, जाडी ६० मिमी. कच्चं वजन ४.२ किलो, टर्निंग, म्हणजे कातकाम, झाल्यावर ३.४ किलो. समोरासमोर दोन सीएनसी लेथ (संगणकाच्या प्रोग्रामवर भाग फिरवून कातणारी यंत्रं), दोन्हींवर हेच काम. मशीनचा वेळ ९६ सेकंद. एक ऑपरेटर दार उघडायचा, झालेला जॉब काढायचा, चक (जॉब जबड्यांत धरून फिरवणारा भाग) पुसायचा, कच्चा जॉब लावायचा, दार लावायचा आणि वळून दुसऱ्या लेथकडे जायचा. ताजातवाना माणूस हे सगळं २४ सेकंदांत उरकतो. म्हणजे एका जॉबला १२० सेकंद. शिफ्टमधली प्रत्यक्ष कामाची ४४० मिनिटं धरली, तर एका लेथवर २२० जॉब.

हा हिशोब दिवसपाळीत जुळायचा. रातपाळीत आकडा १७०च्या आसपास घुटमळायचा.

अडचण

कारण शोधायला फार डोकं लावावं लागलं नाही. एका पाळीत एक माणूस दोन लेथ मिळून चारशेच्या वर जॉब उचलतो आणि तितकेच उतरवतो. रातपाळीत २४ सेकंदांचे सरासरी ६०च्या आसपास व्हायचे. मनगट दुखण्याच्या तक्रारी होत्या, कास्टिंगच्या कडेने हातमोजे फाटायचे. कोणी त्या मशीनवर टिकत नव्हतं. नवा माणूस आला की पहिले काही दिवस चक नीट न पुसल्यामुळे जॉब तिरका बसायचा आणि रिजेक्शन वाढायचं.

मग रोबोचा विषय निघाला. तसं पाहिलं तर रोबोचं हे सगळ्यात जुनं काम. १९६१ मध्ये अमेरिकेत न्यू जर्सीतल्या जनरल मोटर्सच्या कारखान्यात पहिला औद्योगिक रोबो ‘युनिमेट’ लागला, तो डाय कास्टिंग मशीनमधून गरम भाग उचलायलाच. जड आणि धोक्याचं काम, दिवसभर तेच तेच. आमचंही तसंच.

कोणकोणते पर्याय होते

बैठकीत पहिला प्रश्न आला, ‘रोबो म्हणजे नक्की कुठला?’ कारखान्यातले अर्धे लोक रोबो म्हटलं की वेल्डिंगचा तो भलामोठा नारिंगी हात डोळ्यांसमोर आणतात. आंतरराष्ट्रीय प्रमाणकाच्या व्याख्येत मात्र आकाराला महत्त्व नाही. आपोआप चालणारं, पुन्हा प्रोग्राम करता येणारं, निरनिराळ्या कामांना लावता येणारं आणि तीन किंवा जास्त अक्षांत हलणारं यंत्र असलं, की तो औद्योगिक रोबो. त्यात बरेच प्रकार बसतात. आम्ही पाच पाहिले.

डेल्टा रोबो दोन मिनिटांत बाद झाला. त्याच्या मोटर वर छताशी असतात, खाली हलक्या काड्यांचे तीन हात. स्वित्झर्लंडमध्ये लोझानच्या तंत्रसंस्थेत रेमों क्लावेल यांनी १९८५ च्या सुमारास ही रचना केली. पट्ट्यावरून हलक्या वस्तू झपाझप उचलाव्यात तर त्यानेच. सव्वाचार किलोचं बीड लेथच्या पोटात शिरून लावणं त्याचं काम नव्हे.

स्कारावर थोडी चर्चा झाली. जपानमध्ये हिरोशी माकिनो यांनी १९७८ मध्ये मांडलेली ही रचना आडव्या पातळीत थोडी लवचीक आणि उभ्या दिशेत ताठ असते. वरून खाली पिन दाबायला, सर्किट बोर्डावर भाग बसवायला तिला तोड नाही. पण आमच्या लेथचा चक आडवा होता. जॉब टेबलावर झोपलेला, चकमध्ये उभा. हा ९० अंशांचा पलटा मारायला मनगट लागतं आणि स्काराला ते नसतं.

गँट्री, म्हणजे लेथच्या डोक्यावरून धावणारा सरळ अक्षांचा कार्टेशियन रोबो, हा खरा तगडा उमेदवार होता. जमिनीवर जागा अडत नाही, वजनाची फिकीर नाही, हालचाल समजायला सोपी. पण आमचे लेथ समोरासमोर होते आणि गँट्रीला ते एका ओळीत हवेत. लेथ हलवायचे म्हणजे नवा पाया, पुन्हा लेव्हलिंग आणि तेवढे दिवस उत्पादन बंद.

उरले दोन: साधा सहा अक्षी रोबो आणि कोबॉट, म्हणजे माणसाशेजारी चालेल असा.

कोबॉट सगळ्यांना आवडला. सुरक्षेची जाळी नको, जागा कमी, हात धरून शिकवता येतो. विक्रेत्याने डेमोही झकास दिला. दहा किलो उचलू शकणारा कोबॉट चार किलोचा जॉब लीलया उचलत होता. आमच्या मेंटेनन्सच्या प्रमुखांनी तेव्हा एकच प्रश्न विचारला, ‘याला हात एकच का?’

प्रश्न अगदी नेमका होता. एका ग्रिपरने (जॉब धरणाऱ्या पंजाने) लेथ भरायचा तर रोबो आधी रिकामा आत जातो, झालेला जॉब घेऊन बाहेर येतो, तो ठेवतो, कच्चा उचलतो आणि पुन्हा आत जातो. आमच्या मांडणीत याला ३८ सेकंद लागत होते. एका जॉबला १३४ सेकंद, म्हणजे त्याच ४४० मिनिटांत १९७ जॉब. ताज्या माणसापेक्षा कमी! दोन ग्रिपर असले की एका हातात कच्चा घेऊन आत जायचं, दुसऱ्या हाताने झालेला काढायचा, मनगट १८० अंश फिरवायचं आणि कच्चा लावायचा. १४ सेकंद, २४० जॉब.

पण दोन ग्रिपर आले की वजन वाढलं. कच्चा ४.२, झालेला ३.४, दोन ग्रिपर २.८, ब्रॅकेट आणि फिटिंग ०.४. बेरीज १०.८ किलो. दहा किलोचा कोबॉट तिथेच संपला. शिवाय जोखीम तपासताना आणखी एक गोष्ट पुढे आली. कोबॉट माणसाला लागला की थांबतो हे खरं, पण त्याच्या हातात धारदार कडेचं बीड असेल तर ते बीड काही कोबॉट नसतं. कोबॉटसाठीच्या २०१६ च्या आंतरराष्ट्रीय तांत्रिक निर्देशात शरीराच्या कुठल्या भागावर किती बल आणि दाब चालेल याच्या मर्यादा दिल्या आहेत, त्यात आमची कास्टिंगची कड बसवणं अवघड होतं. म्हणजे जाळी लावावी लागणारच. जाळी लावायचीच, तर कोबॉटचा संथ वेग तरी का सोसायचा?

निवड आणि उभारणी

निवडला तो १२ किलो पेलोडचा, म्हणजे मनगटावर तेवढं वजन पेलणारा, सहा अक्षी रोबो. पोहोच १,४२० मिमी, आम्हाला लागत होती १,३२०. वीस किलोचा मोठा भाऊही यादीत होता. त्याची पावलं रुंद, पाया मोठा, आणि दोन लेथच्या मधली वाट अरुंद. ‘१०.८ लागतात, १२ मिळतायत, झालं की!’ असं म्हणत आम्ही सह्या केल्या. हा पहिला निर्णयबिंदू. इथे आम्ही एकच आकडा पाहिला.

पुढचं कळायला रोबोच्या अंगात काय असतं ते थोडं सांगायला हवं. सहा अक्षी रोबोचे पहिले तीन अक्ष म्हणजे कंबर, खांदा आणि कोपर. हात कुठे न्यायचा ते हे तीन ठरवतात. चौथा, पाचवा आणि सहावा मिळून मनगट होतं आणि जॉब कुठल्या तोंडाने धरायचा ते मनगट ठरवतं. प्रत्येक अक्षाला सर्व्हो मोटर असते. मोटरच्या मागे एन्कोडर, म्हणजे ती किती फिरली ते मोजणारा डोळा. वीज गेली तर हात खाली पडू नये म्हणून ब्रेक. मोटर जोरात फिरते, पण तिची ताकद कमी, म्हणून मध्ये रिड्युसर, म्हणजे वेग उतरवून ताकद वाढवणारा गिअर, असतो. खालच्या जड अक्षांना बहुतेक वेळा सायक्लॉइडल पद्धतीचा, ज्याला सगळे आरव्ही म्हणतात. मनगटाला बहुधा हार्मोनिक.

हार्मोनिक रिड्युसर एकदा उघडून पाहावाच. आत पोलादाची पातळ पेल्यासारखी वाटी असते आणि तिच्या कडेला बाहेरून दात. वाटीच्या आत लंबगोल बेअरिंग फिरतं आणि वाटीला दोन बाजूंनी दाबून बाहेरच्या कड्याच्या दातांत बसवतं. वाटीला २०० दात आणि कड्याला २०२ असतील, तर मोटरच्या एका फेऱ्यात वाटी फक्त दोन दातांएवढी सरकते. एका टप्प्यात १०० पट घट, आणि तीही जवळजवळ शून्य ढिलाईची. पण हे सगळं त्या वाटीच्या वाकण्यावर चालतं. ती वाकते म्हणूनच तिला थोडी स्प्रिंगची सवय असते. ही स्प्रिंग पुढे आम्हाला भेटणार होती.

बाकीचे भाग म्हणजे कपाटाएवढा कंट्रोलर, टीच पेंडंट (रोबोला शिकवायचा हातातला रिमोट), हातावरून जाणाऱ्या केबल आणि हवेच्या नळ्या, आणि सगळ्यात पुढे ग्रिपर. ग्रिपर रोबोसोबत येत नाही. प्रत्येक जॉबसाठी तो वेगळा बनवून घ्यावा लागतो. आमचा इंटिग्रेटरने, म्हणजे रोबो बसवून देणाऱ्या कंपनीने, बनवला: तीन बोटांचे, हवेच्या दाबावर चालणारे दोन ग्रिपर, एकमेकांकडे पाठ करून. हवा गेली तरी जॉब सुटू नये म्हणून आत स्प्रिंग. बोटं चकच्या जबड्यांना आपटू नयेत म्हणून प्रत्येक ग्रिपरखाली ४५ मिमीचा स्पेसर. त्यामुळे सहाव्या अक्षापासून जॉबचा मध्य १५० मिमीवर गेला. ड्रॉइंग माझ्या टेबलावर तीन दिवस होतं. स्पेसरवर मी बोट ठेवलं नाही.

इंटिग्रेटरच्या शेडमध्ये चाचणी झाली, रोबो शंभर वेळा चकपर्यंत गेला आणि आला. सगळं ठीक. एका ग्रिपरमध्ये कच्चं कास्टिंग होतं, दुसरा रिकामा. झालेले जॉब पाठवायचं कोणाच्या लक्षातच आलं नव्हतं.

मनगट थरथरायला लागलं

कारखान्यात लावल्यावर पहिल्याच आठवड्यात जुन्या ऑपरेटरने मला बोलावलं. आता तो रोबो सांभाळत होता.

‘साहेब, फिरून थांबला की याचं मनगट थरथरतंय. जॉबच्या कडेकडे बघा.’

मी आधी कंट्रोलरच्या स्क्रीनकडे पाहिलं. तिथे सगळं हिरवं. मग त्याने सांगितलं तसं जाळीबाहेर वाकून जॉबची कड पाहिली. मनगट १८० अंश फिरून थांबलं, की कास्टिंगची कड क्षणभर दुहेरी दिसायची, वाजवून सोडलेल्या तारेसारखी. अर्ध्या सेकंदात निवायची. पण प्रोग्राम तेवढं थांबत नव्हता, लगेच चककडे सरकत होता. उघडे जबडे आणि जॉब यांच्यात फट होती जेमतेम ३ मिमी. कधी जॉब जबड्याला टेकून, कधी न टेकताच, दिवसातून पाच-सहा वेळा ‘टक्कर आढळली’ असा अलार्म येऊन रोबो थांबायचा.

रोबोच्या पत्रकात लिहिलेलं असतं, पुनरावृत्ती अचूकता अधिक-उणे ०.०४ मिमी. माझ्या टीममधला एक मुलगा त्या आकड्यावर बोट ठेवून म्हणाला, ‘मग तीन मिलिमीटरमध्ये चुकतोच कसा?’ तो आकडा प्रमाणित चाचणीतला असतो. त्याच जागी पुन्हा पुन्हा येऊन, थांबून, स्थिर झाल्यावर किती फरक पडतो, एवढंच तो सांगतो. स्थिर होण्याआधी काय होतं ते सांगत नाही. आणि हातात ठरल्यापेक्षा जास्त भार असेल, तर त्याला काहीच अर्थ उरत नाही.

इथे दुसरा निर्णयबिंदू आला आणि आम्ही सोपी वाट धरली. इंटिग्रेटरचा माणूस फोनवर म्हणाला, टक्कर ओळखण्याची संवेदनशीलता थोडी उतरवा, अलार्म बंद होतील. उतरवली. अलार्म खरंच बंद झाले. आठवडाभर आम्ही खूश होतो.

रात्रीचा प्रसंग

तिसऱ्या आठवड्यात, रातपाळीत, पावणेतीनच्या सुमाराला. चकच्या तोंडाशी हवेचा फवारा होता, पण बिडाचा किस ओल्या कूलंटमध्ये मिसळून चिकटतो आणि फवाऱ्याला दाद देत नाही. एक पापुद्रा चकच्या टेकू-पृष्ठावर राहिला. जॉब तिरका टेकला. रोबो तो सरळ रेषेत आत दाबत राहिला. टक्कर ओळखणारा भाग आम्हीच झोपवलेला होता, त्यामुळे मोटरला हाताबाहेर ताण जाऊन सर्व्होचा अलार्म येईपर्यंत तो दाबतच राहिला.

जाळी होती आणि दाराला इंटरलॉक (दार उघडलं की रोबो थांबवणारी सोय) होता, त्यामुळे कोणाला काही झालं नाही. ग्रिपरचं एक बोट वाकलं. पण खरा घोळ वेगळाच होता. रोबोच्या फ्लँजवर (मनगटाच्या टोकाच्या चकतीवर) ब्रॅकेटची जागा पक्की करायला पिनचं भोक असतं. आमच्या ब्रॅकेटला त्या जागी भोकच पाडलेलं नव्हतं, तो नुसत्या बोल्टच्या आवळणीवर बसवलेला होता. धक्क्याने तो बोल्टच्या भोकातल्या फटीएवढा सरकला. डोळ्यांना दिसण्याइतकाही नाही. पण हाताचं टोक हललं आणि शिकवलेले सगळे पॉइंट चुकीचे झाले. ते एकेक करून, पेंडंट हातात धरून, हळू वेगात पुन्हा शिकवायला सकाळचे नऊ वाजले. हातात पेंडंट घेऊन जाळीच्या आत काम करताना टोकाचा वेग सेकंदाला २५० मिमीच्या वर जाऊ देत नाहीत. तो नियम योग्यच आहे, फक्त त्या पहाटे फार लांबला.

हिशोब

सकाळी प्रोग्राम चाळताना मेंटेनन्सच्या प्रमुखांनी भाराचं पान उघडलं. तिथे लिहिलं होतं: १२ किलो, गुरुत्वमध्य फ्लँजच्या मध्यावर, जडत्व (भार फिरवायला आणि थांबवायला होणारा विरोध) शून्य. इंटिग्रेटरने रोबो बनवणाऱ्या कंपनीकडून आलेला आकडा तसाच ठेवला होता. म्हणजे आपल्या हातात काय आहे हे रोबोला माहीतच नव्हतं. कुठल्या अक्षाला किती जोर द्यायचा, वेग कधी उतरवायचा, टक्कर कशाला म्हणायचं, हे सगळं कंट्रोलर याच पानावरून ठरवतो. खोटे अलार्म तिथूनच येत होते.

मग आम्ही तिघे कागद घेऊन बसलो. हे काम खरेदीच्या आधी व्हायला हवं होतं.

वजन: १०.८ किलो, मर्यादा १२. बसतं.

पाचव्या अक्षावरचा आघूर्ण (भाराने अक्षाला बसणारा पीळ): भाराचा मध्य त्या अक्षापासून १९० मिमीवर. १०.८ गुणिले ९.८१ गुणिले ०.१९, साधारण २० न्यूटन-मीटर. मर्यादा २२. काठावर, पण बसतं.

सहाव्या अक्षावरचं जडत्व: इथे अंतराचा वर्ग येतो. दोन जॉब मिळून ७.६ किलो, प्रत्येक १५० मिमीवर. ७.६ गुणिले ०.१५ चा वर्ग, ०.१७१ किलो-वर्गमीटर. त्यात जॉबचं स्वतःभोवतीचं जडत्व, ग्रिपर आणि स्पेसर मिळवले की ०.२० च्या आसपास. पत्रकातली मर्यादा ०.१७.

नुसते दोन जॉबच मर्यादा ओलांडत होते. चाचणीत फक्त एक कच्चा जॉब होता, तेव्हाचा आकडा ०.१२ च्या घरात येतो, म्हणून तिथे सगळं गुळगुळीत चाललं. थरथरणारी तार म्हणजे हार्मोनिकची ती पातळ वाटी होती. मर्यादेबाहेरचं जडत्व झटक्यात थांबवताना ती पिळली जात होती आणि परत उसळत होती. हे असंच चालू राहिलं असतं, तर वाटीला तडा गेला असता किंवा तिचे दात कड्यावरून उडाले असते.

रोबोमध्येच भार ओळखण्याची सोय होती. मनगट ठराविक तऱ्हेने हलवून तो मोटरच्या करंटवरून भार काढतो. ती चालवली, दहा मिनिटं लागली. जडत्वाचा रकाना लाल झाला. हीच दहा मिनिटं पहिल्या दिवशी दिली असती तर!

पुन्हा पर्याय

चार वाटा होत्या.

सहाव्या अक्षाचा प्रवेग उतरवायचा. लगेच होण्यासारखं. १४ चे १९ सेकंद होतात, ४४० मिनिटांत २२९ जॉब. रातपाळीच्या जुन्या आकड्यापेक्षा खूपच बरं. इथे थांबावं असं व्यवस्थापनाचं मत होतं आणि ते चुकीचं म्हणता येणार नाही. पण मर्यादेबाहेरचं जडत्व हळू फिरवलं तरी मर्यादेबाहेरच राहतं. इमर्जन्सी स्टॉप दाबला की रोबो हळूच थांबत नाही.

वीस किलोचा रोबो घ्यायचा. तांत्रिकदृष्ट्या सगळ्यात सरळ उपाय. पण नवा पाया, नवा उंचवटा, सगळे पॉइंट नव्याने, आणि वाट अरुंद ती अरुंदच.

एक ग्रिपर काढून टाकायचा. १९७ जॉब. नको.

किंवा हातच, म्हणजे ग्रिपर आणि ब्रॅकेटची जोडणी, बदलायचा. जॉब सहाव्या अक्षाच्या जवळ आणायचा. अंतराचा वर्ग आपल्या विरुद्ध काम करत असेल, तर तो आपल्या बाजूनेही करेल. स्पेसर काढला की १५० चे १०५ मिमी होतात. ७.६ गुणिले ०.१०५ चा वर्ग, ०.०८४. जवळजवळ निम्मं, तेही एक ग्रॅम वजन कमी न करता.

पण स्पेसर मुळात होता तो बोटं आणि जबडे आपटू नयेत म्हणून. स्पिंडल (चक फिरवणारा लेथचा दांडा) कुठल्याही कोनात थांबायचा, जबडे कुठेही असायचे. या मुद्द्यावर बैठक अडली. त्यातून सुटका केली ती त्याच ऑपरेटरने. हाताने जॉब लावायचा तेव्हा तो नेहमी चक फिरवून एक जबडा वर आणायचा, म्हणजे बोटांना जागा मिळते.

‘याला पण तसंच द्या ना, साहेब. तीन बोटं, तीन जबडे. मधल्या फटीतून जातील.’

स्पिंडल ठराविक कोनात थांबवण्याची सोय लेथमध्ये पहिल्या दिवसापासून होती. एका कोडची गोष्ट. ती कोणी चालूच केली नव्हती.

काय केलं

त्याच दिवशी प्रवेग उतरवला आणि भाराचं पान खऱ्या आकड्यांनी भरलं. एकच नाही, चार पानं: दोन्ही ग्रिपर रिकामे, फक्त कच्चा जॉब, दोन्ही जॉब, फक्त झालेला जॉब. प्रोग्राममध्ये ग्रिपर उघडला किंवा मिटला की पान बदलतं. टक्कर ओळखण्याची संवेदनशीलता मूळ जागी आणली. खोटे अलार्म तेवढ्यानेच जवळजवळ थांबले, हात बदलण्याआधीच. हे पाहून मला जरा ओशाळल्यासारखं झालं.

पुढच्या तीन आठवड्यांत नवा ब्रॅकेट आला, पोलादाऐवजी ॲल्युमिनियमचा, स्पेसरशिवाय, फ्लँजवर पिनसह. हाताचं वजन ३.२ किलोवरून २.७ वर आलं. लेथच्या प्रोग्राममध्ये स्पिंडल कोनात थांबवला आणि तो खरंच त्या कोनात थांबल्याचा सिग्नल आल्याशिवाय रोबो दारातून आत जाणार नाही, असं बांधून टाकलं. चकच्या टेकू-पृष्ठावर बारीक भोकं पाडून त्यातून हवा सोडली. जॉब पूर्ण टेकला तर भोकं झाकतात आणि दाब चढतो. पापुद्रा राहिला तर दाब चढत नाही, आणि रोबो मागे येऊन पुन्हा फवारा मारतो. दोनदा जमलं नाही तर दिवा लावून माणसाला बोलावतो.

एक छोटी फजिती मधल्या काळात झाली. सुट्टीच्या दिवशी एन्कोडरच्या बॅटऱ्या बदलायच्या होत्या. बदलणाऱ्याने सुरक्षिततेचा विचार करून आधी कंट्रोलर बंद केला. आमच्या रोबोत त्या बॅटऱ्या वीज नसतानाच एन्कोडरची आठवण जपतात. कंट्रोलर बंद आणि बॅटरी बाहेर, दोन्ही एकदम. सहाही अक्ष आपण कुठे आहोत ते विसरले. खुणा जुळवून मास्टरिंग, म्हणजे प्रत्येक अक्षाची मूळ जागा पुन्हा ठरवणं, यात अर्धा दिवस गेला. आता कंट्रोलरच्या दारावर चिकटवलंय: बॅटरी बदलताना कंट्रोलर चालू, इमर्जन्सी दाबलेली.

निकाल

नव्या हाताचं सहाव्या अक्षावरचं जडत्व ०.११ च्या आत आहे. प्रवेग पुन्हा पूर्ण केला. जॉब बदलायला १३ सेकंद लागतात, एका लेथवर ४४० मिनिटांत २४२. दिवस असो की रात्र, आकडा सारखाच. थरथर डोळ्यांना दिसत नाही. तिरक्या बसलेल्या जॉबचं रिजेक्शन जवळजवळ बंद झालं, आणि त्याचं श्रेय रोबोपेक्षा त्या बारीक भोकांना जास्त आहे.

ऑपरेटर आता दोन लेथ आणि रोबो मिळून सगळं पाहतो. कास्टिंग अजून माणसांनाच पट्ट्यावर मांडावी लागतात, म्हणजे उचलणं पूर्ण संपलेलं नाही, निम्म्यावर आलंय. हे मी मुद्दाम लिहितोय, कारण अहवालात ‘हाताने उचलणे बंद’ असं लिहिलं गेलं होतं.

आज करायचं तर

रोबोचा प्रकार निवडण्यात आम्ही चुकलो असं मला अजूनही वाटत नाही. या मांडणीला सहा अक्षीच हवा होता. चूक क्रमात झाली. आधी रोबो निवडला, मग त्याला हात शोधला. आज मी आधी हात काढीन, दोन्ही जॉब धरलेला, आणि त्याचे तीन आकडे घेऊन रोबोच्या पत्रकाकडे जाईन: वजन, आघूर्ण, जडत्व. पत्रकाच्या पहिल्या पानावर पहिलाच आकडा मोठ्या अक्षरात असतो, उरलेले दोन मागच्या पानावर, बारीक टाइपात.

चाचणीला कच्चे आणि झालेले, दोन्ही जॉब पाठवीन. स्वीकृतीच्या यादीत ‘भाराचं पान भरलंय का’ अशी ओळ घालीन. आणि संवेदनशीलतेचा आकडा पासवर्डमागे ठेवीन. तो उतरवला ही इंटिग्रेटरची चूक म्हणून आम्ही बराच काळ सांगत होतो. पण पेंडंट माझ्या हातात होतं.

वीस किलोचा रोबो न घेण्याबद्दल मात्र माझं मत डळमळतंय. याच लेथवर आता नवा जॉब यायचाय, कच्चा ५.६ किलो, झालेला ४.६. हाताचे २.७ मिळवले की १२.९ होतात. या वेळी जडत्वापर्यंत जायचीही गरज नाही, वजनातच अडलं. एक लेथ एका ग्रिपरवर चालवायचा, की अरुंद वाट रुंद करायची, यावर पुढच्या बैठकीत बोलायचंय. वाट मोजायला टेप घेऊन गेलो तेव्हा ऑपरेटर म्हणाला, ‘या वेळी झालेला जॉब पण तोलून घ्या, साहेब.’ दोन्ही तोलून घेतलेत.